कर्जदाराला वकील मिळतो, पण आरोपी झाल्यावर

अमेरिकेतील लहान शहरांत न्यायालयाभोवतीच्या रस्त्यांवरून वकिलांच्या पाट्या वाचीत गेले, तर एक जोडी पुनःपुन्हा दृष्टीस पडते : फौजदारी बचाव आणि वैयक्तिक दिवाळखोरी. एकच वकील सकाळी चोरीच्या किंवा दारू पिऊन मोटार चालविल्याच्या आरोपातील अशिलाचा बचाव करतो आणि दुपारी कर्जात बुडालेल्या एखाद्या कुटुंबाचा दिवाळखोरीचा अर्ज तयार करतो. आपल्याकडील वाचकाला ही जोडी विजोड वाटण्याचा संभव आहे. फौजदारी वकील म्हटला की खून, मारामारी, जामीन हे शब्द आठवतात. दिवाळखोरी म्हटली की बुडालेल्या पेढ्या आणि परदेशी पळालेले उद्योगपती डोळ्यांपुढे येतात. शाळेतील शिक्षक किंवा कचेरीतील कारकून कर्जापासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयात जातो, हे चित्र आपल्या परिचयाचे नाही.

वस्तुतः या दोन व्यवसायांचे नाते फार जवळचे आहे. दोन्हीकडे येणारा अशील बहुधा सामान्य स्थितीतला असतो. त्याच्यासमोरचा पक्ष त्याच्यापेक्षा कितीतरी बलवान असतो. एकासमोर सरकार, दुसऱ्यासमोर बँका आणि वित्तसंस्था. दोघांनाही समाजात तोंड दाखविण्याची लाज वाटत असते. आणि दोघांच्या बाबतीत सुसंस्कृत कायद्याने दोन गोष्टी मान्य केलेल्या असतात : त्यांना न्यायासनासमोर एकट्याने उभे राहावे लागू नये, आणि एका चुकीपायी किंवा एका दुर्दैवापायी त्यांचे उरलेले आयुष्य बाद होऊ नये. आपण यातील आरोपीची बाजू घटनेत आणि कायद्यात बरीचशी मान्य केली आहे. कर्जदाराची बाजू मात्र कागदावर ठेवून दिली आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कर्जदाराला आपण फौजदारी न्यायालयाच्या दाराने आत घेतो. त्याला वकील भेटतो तो आरोपी झाल्यावर.

दोन निकालांची कथा

अमेरिकेतही हे सारे सहजासहजी घडलेले नाही. १९६१ साली फ्लॉरिडा राज्यात क्लॅरेन्स अर्ल गिडियन या निर्धन माणसावर एका पूलच्या अड्ड्यात शिरून चोरी केल्याचा आरोप आला. त्याने न्यायालयाकडे वकील मागितला. देहदंडाचा गुन्हा नसल्यामुळे राज्याच्या कायद्यानुसार तो देता येत नाही, असे उत्तर मिळाले. गिडियनने स्वतःच उलटतपासणी घेतली, स्वतःच भाषण केले आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तो तुरुंगात गेला. तेथून त्याने पेन्सिलीने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाकडे धाडला. १९६३ च्या मार्चमध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की गंभीर गुन्ह्यातील निर्धन आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. फेरखटल्यात गिडियनला वकील मिळाला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. आरोपी तोच आणि आरोपही तोच होता; मुख्य फरक वकिलाचा होता.

दहा वर्षांनी, १९७३ साली, त्याच न्यायालयासमोर न्यूयॉर्कमधील एका बेकार गृहस्थाचे प्रकरण आले. क्रास खटला या नावाने ते प्रसिद्ध आहे. कर्जातून मुक्त होण्यासाठी त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावयाचा होता; परंतु अर्जाची ५० डॉलर फी भरण्याइतकेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. फी माफ करावी, ही त्याची विनंती न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अमान्य केली. आठवड्याला थोडे थोडे भरले तर ती रक्कम सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी होते, असे बहुमताचे म्हणणे पडले. गरिबांचे जीवन कसे चालते याची कल्पना नसलेल्यांचा हा युक्तिवाद आहे, अशा आशयाची टीका न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या भिन्न मतपत्रिकेत केली. दिवाळखोरीचा अर्ज करण्याइतकी ऐपत नसलेला दिवाळखोर, असा हा विरोधाभास होता. अत्यल्प उत्पन्न असलेल्यांना ही फी माफ करण्याची तरतूद तेथील कायद्यात पुढे २००५ साली आली, आणि त्याच कायद्याने उत्पन्नाची चाचणी, समुपदेशन आणि कागदपत्रे यांचा इतका भार वाढविला की वकिलाचे काम आणि त्याची फी दोन्ही वाढली.

तरीही १९७८ च्या दिवाळखोरी संहितेने तेथील सामान्य माणसाला मोठा आधार दिला आहे. अर्ज दाखल होताच धनकोंचे तगादे, दावे आणि जप्त्या थांबतात. प्रामाणिक कर्जदार आपली जप्तीयोग्य मालमत्ता देऊन उरलेल्या बहुतेक कर्जातून सुटू शकतो, किंवा नियमित पगार असेल तर तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांची योजना न्यायालयाकडून मंजूर करून घेऊ शकतो. फसवून घेतलेले कर्ज, मुलाबाळांचा निर्वाहखर्च, गुन्ह्याचा दंड यांतून मात्र सहसा सुटका नसते, आणि दिवाळखोरीच्या अर्जाने फौजदारी खटला थांबत नाही. कर्ज कोठे संपते आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हे जाणणारा वकील म्हणूनच तेथे लागतो. त्या पाट्यांवरील जोडीचा एक अर्थ हाच आहे.

ऋण हा अपराध आहे काय?

आपल्याकडे आरोपीच्या हक्काची वाटचाल अभिमान वाटावा अशी आहे. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत विधिसाहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात आणि १९८१ साली भागलपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य अधिकाधिक स्पष्ट केले. १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने फौजदारी खटल्यांसाठी पूर्ण वेळ बचाव वकील नेमण्याची योजना आणली. प्रत्यक्षात उणिवा पुष्कळ आहेत. पण तत्त्वाबद्दल वाद उरलेला नाही.

कर्जदाराच्या बाबतीतही एक उदात्त तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा निर्णय दिला, की केवळ हुकूमनाम्याची रक्कम भरता आली नाही म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. त्याच्यापाशी ऐपत आहे आणि तो लबाडीने पैसे देण्याचे टाळतो आहे, हे दिसले पाहिजे. दारिद्र्य हा अपराध मानणे घटनेला आणि भारताने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराला धरून नाही, हे त्यांचे सूत्र होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड न भरल्याबद्दल तुरुंगात धाडण्यापूर्वी आरोपीच्या ऐपतीची चौकशी केली पाहिजे असे सांगितले, ते तीन वर्षांनी, १९८३ साली.

महाराष्ट्राला तर या विचाराची शंभर वर्षे आधीच ओळख झाली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी खते व रोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, आणि न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासावे, अशा तरतुदी त्यात होत्या. कागदावरची सही म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हे परकीय सरकारलाही मान्य करावे लागले.

आज त्या रोख्याची जागा धनादेशाने घेतली आहे. पराक्राम्य लेख अधिनियमात १९८८ साली कलम १३८ घालण्यात आले आणि १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हा गुन्हा झाला. व्यापारात धनादेशावर विश्वास बसावा, हा हेतू योग्यच होता. परंतु शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अशी आहे, आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता पुरेशा शिलकीअभावी परत गेला तरी दुसऱ्या एका कायद्याने परिणाम तोच होतो. या खटल्यात न्यायालयासमोरचे प्रश्न ठरलेले असतात. सही कोणाची? देणे होते काय? बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली काय? ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले काय? पैसे का दिले नाहीत, देण्याची ऐपत तरी होती काय, हा प्रश्न गुन्हा ठरविताना गैरलागू असतो. दिवाणी तुरुंगाच्या दारावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जी चौकशी बसविली, ती फौजदारी न्यायालयाच्या दारावर कोणी करीत नाही.

कर्ज घेताना सही केलेले कोरे धनादेश तारण म्हणून देण्याची रीत सर्वत्र आहे. देणाऱ्याला ती औपचारिकता वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की स्वेच्छेने दिलेल्या अशा धनादेशामागे देणे होते हेच कायदा गृहीत धरतो. ते नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. या खटल्यांची संख्या किती व्हावी? २०१९ अखेर देशात पडून असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले याच कलमाखालचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशात नमूद आहे. फौजदारी न्यायालयाच्या कामाचा सुमारे सातवा हिस्सा वसुलीचा आहे, असाच याचा अर्थ होतो.

वकिलाच्या हाती काय आहे?

अशा खटल्यात चांगला वकील पुष्कळ काही करू शकतो. तो तारखांचा हिशेब तपासतो, नोटीस मुदतीत होती की नाही हे पाहतो, कर्जाचा खातेउतारा मागवून फेडलेली रक्कम वजा झाली आहे काय हे विचारतो, सावकारापाशी परवाना होता काय याचा शोध घेतो. तडजोड होणारच असेल तर ती लवकर करावी, कारण २०१० च्या एका निर्णयाप्रमाणे तडजोडीला जितका उशीर तितका खर्चाचा भुर्दंड अधिक, हेही तो अशिलाला सांगतो. एवढे करून आरोपी निर्दोष सुटला, तरी बहुधा एक धनादेश निकालात निघालेला असतो. बाकीचे धनको, बाकीचे हप्ते, जामीनदारांचे तगादे जागच्या जागी असतात. फौजदारी वकील अशिलाला खटल्यातून सोडवू शकतो; कर्जातून सोडविण्याचे हत्यार त्याला कायद्याने दिलेले नाही.

ते हत्यार म्हणजे नादारीचा कायदा. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. शाळेत नादारी मिळाली म्हणजे गरीब विद्यार्थ्याला फी माफ झाली. त्यात कमीपणा असला तरी कलंक नव्हता, पुढे शिकण्याची वाट होती. न्यायालयातील नादारीला मात्र आपण कायमची नाचक्की समजतो, आणि 'दिवाळखोर' ही तर आपल्या भाषेत शिवीच झाली आहे. मुंबईसाठी १९०९ चा आणि इतर महाराष्ट्रासाठी १९२० चा, असे दोन जुने कायदे अद्याप अस्तित्वात आहेत. १९२० च्या कायद्याप्रमाणे ५०० रुपये कर्ज असलेल्यालाही नादारीचा अर्ज करता येतो. परंतु कर्जमुक्तीचा आदेश मागताना मालमत्ता कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर ही परिस्थिती आपल्या दोषामुळे ओढवलेली नाही हे कर्जदाराने पटवून द्यावयाचे असते. ज्याच्यापाशी निम्मे पैसे आहेत त्याची वाट सोपी, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याची अवघड! शासकीय नोकराने कर्जबाजारीपणा टाळावा आणि त्याविषयीची न्यायालयीन कारवाई वरिष्ठांना कळवावी, असे वर्तणुकीचे नियम सांगतात. तेव्हा कारकून या वाटेला जात नाही, यात नवल नाही.

हे सारे बदलण्यासाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तीन मार्ग आहेत, आणि त्यांतील पहिला अगदी गरिबांसाठी आहे. त्याचे नावच 'नवी सुरुवात' अशा अर्थाचे आहे. पण अटी पाहा : वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांहून अधिक नसावे, मालमत्ता २० हजारांहून अधिक नसावी, माफीयोग्य कर्ज ३५ हजारांहून अधिक नसावे, आणि स्वतःचे घर, मग ते गहाण का असेना, नसावे. खेड्यात पडकी झोपडी मालकीची असली की माणूस बाद. बरे, या अटीतही हा मार्ग खुला झालेला नाही. तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, आणि त्यातूनही 'नव्या सुरुवातीचे' प्रकरण वगळून. शिवाय व्यक्तींची ही प्रकरणे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावयाची आहेत, आणि ती न्यायाधिकरणे मोजक्या मोठ्या शहरांत आहेत. गडचिरोलीच्या कर्जदाराने नव्या सुरुवातीसाठी आधी नागपूरचे भाडे जमवावे, असा हा प्रकार होईल.

याउलट कंपनी पाहा. तिच्याविरुद्ध संहितेखाली कार्यवाही सुरू झाली की तिला स्थगितीचे छत्र मिळते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की या काळात कंपनीविरुद्ध धनादेशाचा खटलाही चालू शकत नाही, कारण ही कारवाई म्हणजे फौजदारी लांडग्याचे कातडे पांघरलेले दिवाणी मेंढरू आहे. हे निदान अचूक आहे. मात्र त्याचा लाभ कंपनीला मिळाला. त्याच निकालाने हाडामांसाच्या संचालकांना बाहेर ठेवले, आणि बायकोच्या आजारपणासाठी कर्ज काढलेल्या शिपायाला तर असे छत्र शोधायला जागाच नाही. त्याच्या अंगावर येणारे मेंढरू लांडगाच असते.

आक्षेप आणि उत्तर

कर्जमुक्ती सोपी केली तर लोक कर्जे बुडवतील आणि प्रामाणिकपणे फेडणारा मूर्ख ठरेल, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. धनको नेहमीच धनाढ्य असतो असेही नाही. बुडालेल्या पतसंस्थांत निवृत्त शिक्षकांच्या ठेवी अडकलेल्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. ज्याने उसने दिले त्याचेही घर असते. परंतु नादारीचे न्यायालय हे माफीचे दुकान नसते. तेथे कर्जदाराला सारी मालमत्ता उघड करावी लागते, धनकोंना हरकत घेता येते, लपवालपवी सापडली तर मुक्ती नाकारली जाते. लबाड आणि अगतिक यांची निवड करण्याची हीच एक पद्धतशीर जागा आहे. कलम १३८ ला ही निवड करता येत नाही. ते दोघांना एकाच पिंजऱ्यात उभे करते, आणि त्यात चांगला वकील परवडणारा लबाडच पुष्कळदा सुटतो. सरसकट कर्जमाफीलाही ही निवड करता येत नाही.

आपला दिवाणी कायदा इतका कठोर नाही, हेही ध्यानात घ्यावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे, निर्वाहखर्चाचे हुकूमनामे सोडल्यास, पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना जप्ती लागत नाही. जप्तीयोग्य पगार ४० हजार धरला तर महिन्याला फार तर १३ हजार जातात, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी २४ महिने जप्ती झाली की त्यापुरता पगार पुढे मोकळा होतो. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही. कर्जदारानेही जगले पाहिजे, हे या कलमाने गृहीत धरले आहे. किती शिक्षकांना आणि कारकुनांना हे ठाऊक असते? वसुलीसाठी आलेल्या माणसाने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकात म्हटले आहे, हे तरी किती जणांना ठाऊक असते? ठाऊक नसते, कारण सांगणारा वकील या टप्प्यावर त्यांना भेटतच नाही. तो समन्स आल्यावर भेटतो.

अर्थमंत्रालयाने २०२० च्या जूनमध्ये हे कलम गुन्ह्यांच्या यादीतून काढण्याचा विचार मांडला होता. विरोध झाला आणि कलम राहिले. ते तूर्त राहो. धनादेशावरील विश्वास एका दिवसात मोडणे शहाणपणाचे होणार नाही. परंतु चार गोष्टी त्याला धक्का न लावता करता येतील. संहितेतील 'नव्या सुरुवातीच्या' मर्यादा आजच्या किमतींना साजेशा वाढवून तो भाग अमलात आणावा. त्याचे काम जिल्हा न्यायालयांकडे द्यावे, कारण सामान्य माणसाला तेवढेच अंतर परवडते. धनादेशाच्या खटल्यात कैदेची शिक्षा देण्यापूर्वी ऐपतीची चौकशी सक्तीची करावी. १९८० च्या निकालाचा तोच आशय आहे. आणि जिल्हा विधिसेवा प्राधिकरणांनी कर्जदारांसाठी सल्ला केंद्रे चालवावीत, जेथे खटला उभा राहण्यापूर्वी कागद तपासले जातील. विधि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वकिली व्यवसायानेही या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. नादारीच्या अर्जात नाव नाही, फी थोडी आहे, आणि तो चालविणारे अनुभवी वकील तालुक्याच्या गावी शोधून सापडत नाहीत. पण खुनाच्या आरोपीचा बचाव करणाऱ्या वकिलाला आपण गुन्ह्याचा साथीदार समजत नाही. कर्जबाजारी माणसाला कायद्याने सोडविणारा वकील हाही कर्ज बुडविण्यातला साथीदार नव्हे. तो त्याला कामाला लागण्याइतका मोकळा करतो, आणि कामाला लागलेला माणूसच पुन्हा कोणाचे देणे देऊ शकतो. तुरुंगात बसलेल्या ऋणकोने धनकोचे पैसे फेडल्याचे आजवर कोणी पाहिलेले नाही.